परत म्हणजे परत

आमच्या मोठ्या बाई तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि चौथ्या दिवसापासून माझ्या वाचनालयाचं वाटोळं सुरू झालं. प्रशिक्षणात त्यांना एक जाडजूड फाइल, एक पाण्याची बाटली आणि एक कल्पना मिळाली होती. फाइल त्यांनी कपाटात ठेवली, बाटली लेकाला दिली आणि कल्पना माझ्या गळ्यात मारली.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मी ग्रंथपाल. पहिली ते चौथीची मुलं मला पुस्तकबाई म्हणतात आणि शिक्षक मंडळी म्हणतात, "तुम्ही काय बाई, मोकळ्याच!" कुणाचा घसा बसला, कुणाच्या सासूचा पाय मुरगळला, की त्या वर्गावर मला पिटाळायचं ही शाळेची जुनी सवय. जणू पुस्तकं स्वतःच उठून जागेवर बसतात, स्वतःच स्वतःला चिकटपट्ट्या लावून घेतात आणि शाळा सुटल्यावर खिडक्या बंद करून घेतात.

वाचनालय व्हरांड्याच्या टोकाला आहे, पाण्याच्या नळांच्या पलीकडे. मी आले तेव्हा सगळी पुस्तकं काचेच्या कपाटांत होती आणि किल्ली ऑफिसात. मुलं काचेला नाक लावून नावं वाचायची, आणि नाकांचे ठसे पुसता पुसता शिपाईमामा वैतागायचे. मी दोन वर्षं अर्ज केले. दोन वर्षांनी 'हरकत नाही' एवढा शेरा मिळाला, तेव्हा मामांनी आणि मी मिळून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दारं नळांमागच्या बोळात नेऊन टेकवली. तेव्हापासून आमची फडताळं उघडी आहेत. मूल आत येतं, हात घालतं, पुस्तक काढतं. नोकरीत मी केलेलं एवढं एकच काम मला सांगण्यासारखं वाटतं.

देवघेवीची पद्धत साधी होती. मूल पुस्तक घेऊन टेबलाशी यायचं, मी वहीत नाव आणि पुस्तकाचा क्रमांक लिहायचे, शेवटच्या पानावरच्या तारीखपट्टीवर शिक्का मारायचे. काही मुलं नुसत्या शिक्क्यासाठी पुस्तक न्यायची. माझी त्याला काही हरकत नव्हती.

मोठ्या बाईंची होती. "हे सगळं जुनाट झालं हो," त्या म्हणाल्या. "आता मुलांनी स्वावलंबी व्हायला पाहिजे. स्वयंसेवा वाचनालय!"

म्हणजे काय, तर दाराशी एक पेटी. भडक नारिंगी, टपालपेटीसारखी फट असलेली. शेजारी छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठीवर नाव, इयत्ता, पुस्तक क्रमांक, आणि शेवटच्या चौकटीत मुलानं दोनपैकी एक शब्द लिहायचा: 'नेले' किंवा 'परत'. दर शनिवारी हेडक्लार्क पेटी उघडणार आणि चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवणार. शाळेत क्लार्क एकच आहे, तरी ते स्वतःला हेडक्लार्क म्हणवून घेतात. माझी वही बंद, शिक्का ड्रॉवरमध्ये. "तुमचा वेळ किती वाचला बघा," असं म्हणून मोठ्या बाईंनी वाचलेला सगळा वेळ बदली तासांना लावून टाकला. मी तिसरीला भागाकार शिकवायला लागले, जो मला स्वतःला धड येत नाही.

त्या चिठ्ठीचा नमुना त्यांनी मला दाखवला होता. मी तो वाचला आणि मान हलवली. त्या पेटीचा नारिंगी रंग मला इतका खुपत होता, की आत पडणाऱ्या शब्दांकडे बघायचं मला सुचलंच नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मी एकटीच शहाणी होते असं कुणाला वाटायचं.

चार महिन्यांनी पुस्तकांची सहामाही मोजणी झाली. शिपाईमामा क्रमांक वाचत होते, मी यादीवर खुणा करत होते. कॉम्प्युटरच्या हिशेबानं एकतीस पुस्तकं परत येऊन फडताळावर होती. फडताळावर मात्र त्यांच्या जागी फटी होत्या. आम्ही पुन्हा मोजलं. एकतीसच.

मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं नाही. हेडक्लार्क बाजूला पाठीमागे हात बांधून उभे होते, चेहरा असा, जणू घरातलं कुणी गेलंय.

"कॉम्प्युटरमध्ये पुस्तकं परत आलेली आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे मुलांनी ती आणून दिली. मग ती खोलीतून गेली कुठे?"

"मलाही तेच कळत नाहीये," मी म्हणाले.

"बरं, तुमच्या बहिणीची बालवाडी कशी चाललीय?"

माझी धाकटी बहीण घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवते. हे मोठ्या बाईंना चांगलं माहीत होतं, आणि आपण काय विचारतोय हेही माहीत होतं.

"बरी चाललीय," मी म्हणाले. "का?"

"काही नाही, सहज." मग त्यांनी समोरचा कागद सरळ केला. "हे बघा, शुक्रवारपर्यंत पुस्तकं मिळाली तर ठीक. नाहीतर मला वरती कळवावं लागेल. आणि ती दारं पुन्हा बसवून घेऊ. उघडं ठेवलं की असंच होणार, हे मी तेव्हाच म्हणाले होते."

त्या तेव्हा तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या. मी रागारागानं बाहेर आले. चोर म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सहज विचारलेल्या प्रश्नाशी कुणी कसं भांडायचं? दुपारपर्यंत शिक्षकखोलीत सगळ्यांना सगळं कळलं होतं, कारण मी आत गेले आणि एकदम सगळ्यांना आपापले डबे फार आवडायला लागले.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी हेडक्लार्ककडे जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. या माणसाचा एकच गुण आहे: तो काही म्हणजे काही टाकत नाही. वापरलेल्या रिफिली, तुटक्या टाचण्या, सगळं 'पुढेमागे लागलं तर'. चार महिन्यांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या.

मी त्या वाचनालयातल्या सतरंजीवर ओतल्या आणि हरवलेल्या पुस्तकांच्या क्रमांकाप्रमाणे ढीग लावत बसले. पहिला मोठा ढीग झाला 'रुसलेला बुलडोझर'चा. सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक. एका बुलडोझरला टेकडी फोडायची नसते म्हणून तो रुसून बसतो, एवढीच गोष्ट. त्याच्या बारा चिठ्ठ्या होत्या, बाराही एकाच मुलीच्या. पहिल्या चिठ्ठीवर 'नेले'. पुढच्या अकरा चिठ्ठ्यांवर, आठवड्याला एक याप्रमाणे, 'परत'.

मी तशीच हेडक्लार्कपुढे जाऊन उभी राहिले.

"एकदा नेलेलं पुस्तक अकरा वेळा परत कसं येतं हो?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चिठ्ठीवर परत लिहिलंय. मी परत चढवलं."

"पण मधे नेलंच नाही, तर परत काय आणणार?"

"ते मला काय विचारता? कॉम्प्युटरनं घेतलं ना? चूक असती तर त्यानं घेतलंच नसतं."

मग त्यांनीच मला, जरा कौतुकानं, चौथीतल्या एका मुलाची चिठ्ठी दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'परत परत'. ती त्यांनी दोनदा चढवली होती. या माणसाला हसावं की रडावं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

त्या बारा चिठ्ठ्या जिच्या होत्या, ती मुलगी दुसरीत होती. सगळं हळू करायची म्हणून वर्गात तिला गोगलगाय म्हणायचे. हे नाव मुलांनी ठेवलं नव्हतं, दुसरीच्या बाईंनी ठेवलं होतं. मुलांनी निदान त्याचं गोगी करून थोडं गोड तरी केलं. मी तिला नळापाशी गाठलं.

"गोगी, बुलडोझरचं पुस्तक कुठाय गं?"

"घरी."

"मग तू चिठ्ठीवर परत का लिहिलंस?"

मला इतकी साधी गोष्ट कशी कळत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "परत पाहिजे होतं म्हणून."

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे परत," ती म्हणाली. आणि मग माझ्यावर दया येऊन, "म्हणजे पुन्हा."

मी नळाच्या कट्ट्यावर बसकण मारली. मुलांना पुस्तक आठवडाभरच ठेवता यायचं, हे त्यांना पाठ होतं. आठवडा संपला की ती शहाण्यासारखी पेटीपाशी यायची, आणि तेच पुस्तक परत हवं असलं की 'परत' लिहून, पुस्तक बगलेत मारून घरी जायची. एकतीस मुलांनी, एकमेकांना न विचारता, हेच केलं होतं. आणि प्रशिक्षण घेतलेली एक बाई, सर्टिफिकेट कोर्स केलेला एक क्लार्क आणि बावीस वर्षं पुस्तकांत काढलेली मी, तिघांनाही हा शब्द दोन कामं करतो हे चार महिन्यांत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्यांचे ढीग रबर लावून मोठ्या बाईंच्या टेबलावर मांडले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. खरं तर बसला होता, पण बसू द्यायचा नव्हता. दुसरीच्या बाई कसल्या तरी सहीसाठी तिथेच घुटमळत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलं असं लिहितील होय?"

"मुलांनाच विचारा ना," मी म्हणाले, आणि शिपाईमामांना गोगीला आणायला पाठवलं.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

ती आली. टेबलाच्या वर तिचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. मोठ्या बाईंनी विचारलं, तिनं सांगितलं. परत म्हणजे पुन्हा. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि मी थेट मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, की विचारा आता बहिणीच्या बालवाडीचं.

हरलेलं माणूस आपल्याहून लहान कुणीतरी शोधतं, आणि ते त्यांच्या समोरच उभं होतं.

"बारा आठवडे?" त्या गोगीला म्हणाल्या. "एवढंसं पुस्तक, पाच मिनिटांचं. बारा आठवडे काय करत होतीस?"

"वाचत होते."

"झालं का मग वाचून?"

"नवव्या पानापर्यंत आलंय," गोगी म्हणाली. तिचा आवाज अजून चांगला होता. तिला वाटलं, कौतुकानं विचारतायत. "एक पान न अडखळता आलं की मी आजोबांना वाचून दाखवते. त्यांना दिसत नाही. मग दुसरं पान."

दुसरीच्या बाई फिस्सकन हसल्या. "बारा आठवड्यांत नऊ पानं! आणि उगीच का म्हणते मी गोगलगाय?" मग हेडक्लार्कही हसले, चूक त्यांच्यावरून सरकली होती म्हणून. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण मान हलवून म्हणाल्या, "अगं, बाकीची मुलं तेवढ्यात बारा पुस्तकं वाचतात."

गोगीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या वर्गाच्या बाईंकडे, आणि मग माझ्याकडे.

मला बोलता आलं असतं. या खोलीतल्या कुणीही गेल्या बारा आठवड्यांत एक पान तरी असं वाचलंय का, असं विचारता आलं असतं. जून महिन्यात या मुलीला अक्षरं जोडता येत नव्हती आणि आता ती एका आंधळ्या माणसाला नऊ पानं न अडखळता वाचून दाखवते, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक नाही याची लाज कुणाला वाटायला हवी, हेही विचारता आलं असतं. शब्द सगळे तोंडाशी होते. पण माझं नाव नुकतंच धुऊन निघालं होतं, आणि मोठ्या बाई त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला "बसा ना" म्हणाल्या. मी बसले.

"जा वर्गात," त्यांनी गोगीला सांगितलं. ती गेली.

सोमवारपर्यंत सगळी पुस्तकं जमा करायचा निरोप गेला. बुधवारपर्यंत एकतीसच्या एकतीस आली. कोपरे मऊ पडलेले, एकावर तेलाचा डाग, एकात खुणेला ठेवलेलं कबुतराचं पीस. 'गैरसमज झाला होता,' असं मोठ्या बाईंनी सभेत जाहीर केलं. कुणाचा झाला होता, ते नाही सांगितलं. दारं बोळातच राहिली. बालवाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी जिंकले होते.

आणि मग मोठ्या बाईंनी सुधारणा केल्या. चिठ्ठीवरचा 'परत' हा शब्द बाद होऊन 'जमा' आला. इथवर ठीक होतं. पण गोंधळ मुळात एकच पुस्तक पुन्हा नेण्यामुळे झाला, असा त्यांनी शोध लावला, आणि दारावर पाटी लागली: 'एक मूल, एक पुस्तक, एकदाच'. वाचलेलं पुस्तक त्या मुलाला पुन्हा मिळणार नाही. शेजारी 'वाचनवीर' नावाचा तक्ता. जमा केलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक चांदणी.

मी मनात म्हटलं, तुम्ही शेर तर मी सव्वाशेर. नियम मुलांना होता, शिक्षकांना नव्हता. मी 'रुसलेला बुलडोझर' माझ्या नावावर घेतलं, पिशवीत घातलं आणि मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाच्या खिडकीशी गेले. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते, की गालातल्या गालात हसत होते.

"गोगी, हे बघ काय आणलंय. ठेव हवं तितके दिवस. दहावं पान राहिलंय ना?"

तिनं हात पाठीमागे घेतले.

"वाचलं मी ते," ती म्हणाली.

"नऊ पानं वाचलीस ना?"

"सगळं वाचलं. एकदाच." मग इकडेतिकडे बघून, हळूच, "मला जाड द्या ना बाई. लवकर होणारं."

जाड पुस्तक लवकर कसं होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. आठवड्याभरात कळलं. गोगी रोज सकाळी पेटीपाशी यायची, 'जमा' लिहायची, नवं पुस्तक काढायची, 'नेले' लिहायची. पुस्तकं दप्तरात जायची आणि दप्तरातून यायची. मधे एकदा मी तिला धरलं आणि कालच्या पुस्तकात काय होतं ते विचारलं. "छान होतं," ती म्हणाली. परवाच्या? तेही छान होतं. तिचं बोट, जे ओळीखालून सरकत सरकत जायचं, ते आता तक्त्यावरच्या चांदण्या मोजायला लागलं होतं.

मी मोठ्या बाईंकडे गेले. या वेळी न बोलावता. "ती मुलगी वाचत नाहीये," मी म्हणाले. "नुसती पुस्तकं फिरवतेय. एक ओळसुद्धा वाचत नाही."

"असं कसं म्हणता?" त्यांनी खरोखर आश्चर्यानं विचारलं. "चिठ्ठ्या आहेत की. चिठ्ठ्या नीट पाहिल्या की सगळं कळतं, हे तुम्हीच तर आम्हाला दाखवून दिलंत."

दुसरीच्या बाईंनी तर माझ्यावर तोंडसुखच घेतलं. एक मठ्ठ पोरगी सुधारतेय ते तुम्हाला बघवत नाही, असं त्या शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत म्हणाल्या. आता त्या तिला गोगलगाय म्हणत नाहीत. "आमची वाचनवीर," म्हणतात.

महिनाअखेरीला सभागृहात कार्यक्रम झाला. गोगीच्या नावापुढे बावीस चांदण्या होत्या, शाळेत सर्वांत जास्त. प्रमाणपत्रावर खाली दोन सह्या लागतात, एक मुख्याध्यापिकेची आणि एक ग्रंथपालाची. हेडक्लार्कनं ते सकाळीच माझ्यापुढे ठेवलं होतं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं तर पोरीला पुन्हा ऑफिसात उभं राहावं लागलं असतं. मी सही केली.

मोठ्या बाईंनी माइक तिच्या तोंडापुढे धरला. "आता सांग बरं, एवढ्या पुस्तकांतलं तुला सगळ्यांत जास्त कुठलं आवडलं?"

गोगी जराही अडखळली नाही. "सगळीच," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, पहिल्या रांगेत बसले होते ना.

कार्यक्रम संपल्यावर ती प्रमाणपत्र छातीशी धरून व्हरांड्यातून पळत निघाली होती. मी तिला थांबवलं. काय विचारावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "आजोबांना वाचून दाखवतेस की नाही गं अजून?"

"नाही बाई," ती म्हणाली. तिची नजर माझ्या खांद्यावरून वाचनालयाच्या दाराकडे होती. "वेळ कुठे असतो? आजचं एक राहिलंय अजून."

आणि ती माझ्या बाजूनं निघून पेटीकडे पळाली.